मोटारीला पंख लावणारा हार्ले अर्ल

सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातात नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. मुंबई-पुण्याला असताना मोटार म्हणजे फियाट नाही तर अँबॅसॅडर, आणि तीही बहुधा दुसऱ्याची. येथे आल्यावर मोठ्या मिनतवारीने परवाना हाती पडायचा आणि मग चार-सहा महिन्यांत कोणाच्या तरी ओळखीने एखादी जुनी अमेरिकन गाडी दारात येऊन उभी राहायची. नव्या जपानी गाडीपेक्षा ती स्वस्त पडे. पेट्रोलची काळजी तेव्हा कोणी करीतच नसे.

मीही १९८१ साली दुबईत, देशी परतणाऱ्या एका गृहस्थाकडून १९७६ ची शेव्हरोले कॅप्रिस घेतली. लांबी सुमारे साडेअठरा फूट, म्हणजे आपल्या पद्मिनीपेक्षा पाच-साडेपाच फुटांनी जास्त. पुढचे आसन म्हणजे एक दिवाणच. तिघे ऐसपैस बसत आणि वर एक मूल. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच. बॉनेट कोठे संपते ते दिसत नसे, अदमासाने ठरवायचे. अबूधाबीच्या रस्त्याला लागले की इंजिनाचा आवाजही ऐकू येत नसे, आणि एखादा उंचवटा लागला की गाडी होडीसारखी दोन-तीनदा डुलून मग स्थिर व्हायची. आमच्या घरात तिला गलबत म्हणत. पहिल्याच आठवड्यात मागे घेताना इमारतीच्या खांबाला लागली. खांबाचे प्लास्टर पडले, गाडीचा बंपर जसाच्या तसा.

त्या गाडीत बसून पुष्कळदा मनात यायचे की एवढे लांब बॉनेट लागते कशाला? इंजिन त्याच्या निम्म्या जागेत मावले असते. डिकीत तर आमचा अख्खा संसार बसला असता. गाडी इतकी लांब आणि इतकी बुटकी असावी हे कोणी तरी ठरवलेले असणार. पुढे वाचनात आले तेव्हा कळले की ते खरोखरच मुख्यतः एका माणसाने ठरवले होते. त्याचे नाव हार्ले अर्ल.

अर्लचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ रोजी हॉलिवुडचा. तेव्हाचे हॉलिवुड म्हणजे फळबागांचे खेडे. सिनेमा तेथे यायला अजून दीड-दोन दशके होती. वडिलांचा जवळच लॉस एंजेलिसमध्ये घोडागाड्या बांधण्याचा कारखाना होता. मोटारी आल्या तसे त्यांनी मोटारींच्या बॉडी बांधायला घेतल्या. आपल्याकडे ट्रकचे असते तसेच तेव्हा श्रीमंतांच्या मोटारींचे असे. कारखान्यातून चासी आणि इंजिन यायचे, वरची बॉडी ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. या पत्र्या-लाकडाच्या ठोकाठोकीत हार्ले वाढला. लहानपणी डोंगरावरच्या मुक्कामात पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीच्या मोटारी करण्यात तो आणि त्याचा भाऊ रमून जात, अशी एक गोष्ट सांगतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात तो गेला खरा, पण शिक्षण पुरे न करताच वडिलांच्या कारखान्यात परतला.

एव्हाना सिनेमावाले आले होते. त्यांच्याजवळ पैसा होता, आणि शेजाऱ्याजवळ नसेल अशी गाडी हवी होती. विनोदी नट फॅटी आर्बकल याच्यासाठी अर्लने पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर बांधलेली प्रचंड बॉडी त्या काळी फार गाजली. घोडेस्वार नट टॉम मिक्स याच्या गाडीवर तर त्याने चक्क खोगीर बसवून दिले होते म्हणतात. अशा गिऱ्हाइकांना नाही म्हणून चालत नसते. तरुण अर्ल त्यातून एक गोष्ट शिकला: माणूस मोटार घेतो तेव्हा जाण्या-येण्याचे साधन तर घेतोच, पण त्याबरोबर स्वतःचे एक चित्रही विकत घेतो.

१९१९ साली कॅलिफोर्नियातील कॅडिलॅक गाड्यांचा मोठा विक्रेता डॉन ली याने अर्ल कुटुंबाचा कारखाना विकत घेतला आणि हार्लेला त्याच जागी प्रमुख म्हणून ठेवले. त्याच्या कामाच्या दोन रीती इतरांहून निराळ्या होत्या. बाकीचे कारागीर बॉनेट, मडगार्ड, दिवे, पायफळी असे एकेक सुटे बनवून जोडत. अर्ल सबंध गाडीचा एकच घाट मनात धरी. आणि नमुना तो मातीचा करी. आपले पेणचे मूर्तिकार शाडूवर अंगठा फिरवून गणपतीच्या गालाची गोलाई ठरवतात, तशी त्याची माणसे मातीवरून हात फिरवून मडगार्डचा बाक ठरवीत. लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून न येणारी गोलाई मातीत येई, आणि बिघडली तर दहा मिनिटांत पुसून नवी करता येई. आजही जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्या संगणकाच्या जोडीला मातीचा नमुना करतातच.

कॅडिलॅकचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांनी हा कारखाना पाहिला आणि त्यांना हे काम मनापासून आवडले. कॅडिलॅकपेक्षा थोडी स्वस्त अशी ला साल नावाची नवी गाडी काढायचे चालले होते. तिचे रूप ठरवायला त्यांनी अर्लला डेट्रॉइटला बोलावले. अर्लने युरोपातल्या इस्पानो-सुइझा या उंची गाडीचा घाट समोर ठेवला, आणि ते त्याने कधी लपवलेही नाही. मार्च १९२७ मध्ये ला साल बाजारात आली आणि लोकांना पसंत पडली.

ते साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हेन्री फोर्डने आपली मॉडेल टी बंद केली. दीड कोटींहून अधिक खपलेली ही गाडी. कित्येक वर्षे तर ती फक्त काळ्या रंगातच मिळे. घेणाऱ्यांना आता नुसती चालणारी गाडी पुरेनाशी झाली होती. जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी हे ओळखले आणि कंपनीत कला आणि रंग अशा नावाचा एक नवा विभाग उघडला. पन्नास माणसे, आणि त्यांच्यावर अर्ल. इतक्या मोठ्या कंपनीत केवळ मोटारीचे रूप ठरवण्यासाठी असा कायमचा विभाग निघण्याची ही पहिलीच वेळ.

तेलाने हात काळे झालेल्या इंजिनिअर मंडळींना कॅलिफोर्नियाचा हा झगमगीत कपड्यांतला माणूस पाहून हसू आले नसते तरच नवल. त्यांनी त्या विभागाला ब्युटी पार्लर म्हणायला सुरुवात केली. आणि हसायला कारणही लवकरच मिळाले. १९२९ ची ब्यूक ही अर्लच्या विभागातून पूर्णपणे बाहेर पडलेली पहिली गाडी. खिडक्यांखाली तिच्या अंगाला हलकासा फुगवटा दिलेला होता. कारखान्यात प्रत्यक्ष गाडी घडताना बाजूचे पत्रे खाली आत ओढले गेले, उंची काही इंचांनी वाढवली गेली आणि तो हलका फुगवटा चांगलाच सुटलेल्या पोटासारखा दिसू लागला. लोकांनी गाडीचे नाव गर्भार ब्यूक ठेवले. खप घसरला. अर्लला कोणी विचारलेच नव्हते. तयार गाडी पाहिली तेव्हाच त्याला कळले.

दुसरा कोणी असता तर कॅलिफोर्नियाची गाडी पकडून परत गेला असता. अर्लने त्यातून उलटा धडा घेतला: नमुना तयार झाला म्हणून आपले काम संपत नाही, पत्रा दाबला जाईपर्यंत त्याच्या पाठीमागे उभे राहायचे. स्लोन यांचा पाठिंबा त्याने कधी हातचा सोडला नाही. पुढच्या दहा वर्षांत चित्र असे पालटले की घाट अर्ल ठरवी, आणि तो बसवायचा कसा याची चिंता इंजिनिअर करीत. १९३७ साली विभागाचे नाव बदलून स्टायलिंग झाले. १९४० साली अर्ल कंपनीचा उपाध्यक्ष झाला. डिझाइनवाल्याला असा मान अमेरिकेतल्या मोठ्या उद्योगात पूर्वी मिळालेला नव्हता.

माणूस म्हणून तो सोपा नव्हता. उंची सव्वासहा फुटांच्या वर, अंगात फिक्या रंगाचे लिननचे सूट, पायांत तसेच बूट. चुरगळलेले कपडे त्याला चालत नसत, म्हणून कचेरीतच कपड्यांचे दुसरे कपाट होते. हाताखालची माणसे त्याला थरथर कापत. मिस्टर अर्ल हे दोन शब्द घाईत एक होऊन त्याचे नावच मिस्टर्ल पडले होते. गंमत म्हणजे तो स्वतः फारसे चित्र काढीत नसे, आणि शब्दही त्याला नीट सापडत नसत. नमुन्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, एखादी रेघ केसभर वर घ्या म्हणायचे, पुन्हा पाहायचे, पुन्हा खाली घ्यायला सांगायचे. त्याच्या मनात काय आहे ते इतरांनी ताडायचे. शेव्हरोले, पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि कॅडिलॅक यांच्या खोल्या वेगवेगळ्या, कुलूपबंद. एका खोलीतल्याने दुसरीत डोकवायचे नाही. पाचही खोल्यांत हिंडणारा मुख्य माणूस अर्लच. आज अशा साहेबाखाली चार दिवस कोणी टिकणार नाही, पण त्या खोल्यांतून जी मुले तयार झाली त्यांनीच पुढे अमेरिकेच्या मोटारधंद्याचे रूप घडवले, हेही तितकेच खरे.

आणि आता माझ्या त्या बॉनेटचे उत्तर. अर्लच्या डोळ्याला चौरसापेक्षा लांबट आयत जास्त सुंदर दिसे. गाडी लांब करायची आणि जमिनीशी आणायची, हा एकच ध्यास त्याने तीस वर्षे घेतला. तो आला तेव्हा गाड्या सुमारे सहा फूट उंच असत. आत जाताना पायफळीवर चढून जावे लागे. तो निवृत्त झाला तेव्हा त्या पाच फुटांच्या आत आल्या होत्या. हे नुसते चित्र काढून होत नाही. इंजिन पुढे सरकवावे लागले, बसायची जागा चासीच्या दांड्यांच्या मधोमध खाली घ्यावी लागली, चाके लहान झाली, पायफळी अंगात विरून गेली आणि मागे पट्ट्याने बांधायच्या पेटीची डिकी झाली. टपाला पूर्वी मध्यभागी कापड असे, कारण तेवढा रुंद पत्रा दाबून मिळत नसे. १९३५ च्या गाड्यांपासून जनरल मोटर्सने सबंध पोलादी टप दिले.

१९३८ साली त्याने वाय-जॉब नावाची एकच गाडी बनवली. ती विकायची नव्हतीच. लोकांना पुढे काय आवडेल ते अजमावायची होती. मिटणारे दिवे, विजेवर वर-खाली होणाऱ्या काचा, बटणावर उघडणारा टप. अर्ल स्वतः कित्येक वर्षे ती डेट्रॉइटच्या रस्त्यांवर चालवीत असे आणि लोक वळून पाहतात की नाही ते पाहत असे. मोटार प्रदर्शनांत आज जी भविष्यातली गाडी म्हणून फिरत्या चौथऱ्यावर ठेवतात, तिची ही आजी.

पंखांची कथा याच्या पुढची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरण्यापूर्वी अर्लने आपल्या काही डिझायनरांना डेट्रॉइटजवळच्या सेल्फ्रिज विमानतळावर नेले. तेथे लॉकहीडचे पी-३८ हे नवे लढाऊ विमान होते. दोन शेपट्यांचे, आणि प्रत्येक शेपटीवर उभे सुकाणू. विमान गुप्त, त्यामुळे लांबूनच पाहायची परवानगी. पण जे पाहिले ते डोळ्यांत राहिले. युद्ध संपल्यावर १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या दिव्यांवर दोन लहानसे उंचवटे आले. फ्रँक हर्शी या डिझायनरचा त्यात मोठा हात होता. आरंभी ते पाहून कंपनीतच पुष्कळांनी नाके मुरडली. गिऱ्हाइकांना मात्र एक गोष्ट पटली: आता गाडी मागूनही कॅडिलॅक म्हणून ओळखू येत होती. एवढे पैसे देणाऱ्याला हे लहानसहान सुख नव्हे.

त्यानंतरची दहा वर्षे अर्लचीच. १९५१ ची ल साबर ही त्याची दुसरी लाडकी गाडी. तोंड जेट विमानासारखे, आणि मालक जवळ नसताना पावसाचा थेंब पडला की टप आपोआप मिटे. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात वाद्यवृंद आणि नर्तिकांसह मोटारामा नावाची प्रदर्शने भरत, आणि गाड्या पाहायला लोकांची रीघ लागे. जानेवारी १९५३ च्या प्रदर्शनात कॉर्व्हेट आली. युरोपातून परतलेले सैनिक छोट्या इंग्रजी स्पोर्ट्स गाड्यांच्या प्रेमात पडले होते. अर्लने म्हटले, आपण का करू नये? फायबर ग्लासची बॉडी, पहिल्या वर्षी फक्त ३००, सगळ्या पांढऱ्या. स्त्रियांनाही त्याने डिझायनर म्हणून कामावर घेतले. कंपनीने जाहिरातीत त्यांना शोभेच्या बाहुल्यांसारखे मिरवले आणि काम बहुतेक आसने, रंग, कापड यांचेच दिले, पण दार उघडले ते त्याने. १९५६ साली डेट्रॉइटजवळ वॉरन येथे वास्तुशिल्पी एरो सारिनेन यांनी उभारलेले जनरल मोटर्सचे तंत्रकेंद्र खुले झाले. त्यातली स्टायलिंगची झळझळीत इमारत म्हणजे अर्लचे साम्राज्यच होते.

मुंबईचाही या कथेशी थोडा संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली, म्हणजे अर्लच्या विभागाच्या जन्मानंतर वर्षभरातच, शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि येथे जोडले जात. तो १९५४ साली बंद पडला. आमच्या चाळीतले एक काका तेथे कामाला होते. शेव्हरोले रस्त्याने गेली की ही आमची, असे ते गेली ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत सांगत राहायचे. पुढे १९५८ सालच्या मॉडेलांत इंपाला हे नाव आले. आपल्या हिंदी सिनेमातल्या नटांनी आणि त्यांच्या पडद्यावरच्या शेठजींनी ते नाव घरोघर पोचवले.

पण त्याच १९५८ च्या गाड्यांत अर्लचा तोल सुटला होता. दर वर्षी नवे रूप द्यायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी घेणाऱ्याला आपली गाडी जुनी वाटू लागते, हे स्लोन आणि अर्ल यांचे तंत्र. पण दर वर्षी नवे आणणार काय? क्रोमच्या पट्ट्या वाढत गेल्या. त्या वर्षीच्या ब्यूक आणि ओल्ड्समोबिलवर तर क्रोमचा इतका भार होता की खालचा रंग शोधावा लागे. त्यातच मंदी आली.

धक्का मात्र त्याआधीच बसला होता. १९५६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस अर्ल युरोपात गेला होता. त्याच्या हाताखालचा चक जॉर्डन नावाचा तरुण डिझायनर दुपारच्या सुटीत गाडी घेऊन सहज क्रायस्लरच्या आवाराकडे गेला. कुंपणापलीकडे १९५७ च्या नव्या गाड्या उभ्या होत्या. व्हर्जिल एक्सनरने घडवलेल्या. सडपातळ, हलक्या, टप पातळ, मागे सरळ उंच जाणारे पंख. जॉर्डनने परत येऊन इतरांना सांगितले. तेही जाऊन पाहून आले. आपल्या खोल्यांत तयार होत असलेले १९५९ चे नमुने सर्वांना एकाएकी जाड आणि म्हातारे दिसू लागले. अर्लचा उजवा हात बिल मिचेल याच्या संमतीने मुलांनी ते बाजूला सारले आणि साहेबाच्या मागे नवे काम सुरू केले. ज्या कचेरीत केसभर रेघही त्याला न विचारता हलत नसे, त्या कचेरीत हे घडले.

अर्ल परतला, खोल्या फिरला आणि सारे पाहिले. त्याच्या स्वभावाचा विचार करता दोन-चार माणसे घरी जायला हवी होती. तसे काही झाले नाही. वारा कोठून वाहतो आहे ते त्याने ओळखले आणि काम पुढे चालू दिले. मला त्याच्या साऱ्या चरित्रात हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. गेल्या वर्षीचे ते जुने, हे तीस वर्षे त्याने इतरांना शिकवले होते. ते स्वतःच्या बाबतीत आले तेव्हा त्याने आकांडतांडव केले नाही.

१९५८ च्या अखेरीस वयाच्या पासष्टाव्या वर्षी तो निवृत्त झाला आणि मिचेल त्या खुर्चीत बसला. गंमत पाहा, १९५९ च्या कॅडिलॅकचे ते आकाशात घुसणारे पंख, मधोमध लाल दिव्यांच्या जोड्या, ज्यांचे चित्र आजही पोस्टरवर विकले जाते, ते सर्वसाधारणपणे अर्लच्या नावावर खपतात. प्रत्यक्षात ते त्याला बाजूला सारणाऱ्या पोरांचे. त्यानंतर पंख वर्षावर्षाने झिजत गेले, आणि १९६५ च्या कॅडिलॅकवर ते उरलेच नाहीत.

त्याच १९६५ साली राल्फ नाडर या तरुण वकिलाचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. रूपावर एवढा खर्च करणाऱ्या कंपन्या माणूस वाचवण्यावर किती करतात, हा त्याचा सवाल होता. पादचाऱ्यांना इजा करणारे टोकदार पंखही त्यातून सुटले नाहीत. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. अर्लने या टीकेला उत्तर द्यायला हवे होते असे मला वाटते, कारण प्रश्न रास्त होता. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की सिनेनटांना मिळणारा डौल कारकुनाच्या शेव्हरोलेत आणला तो याच माणसाने. पाचही खोल्यांतले नमुने एकाच डोळ्याखालून जात असल्याने स्वस्त गाडीलाही महाग गाडीइतकीच काळजी मिळे.

१० एप्रिल १९६९ रोजी फ्लॉरिडात वेस्ट पाम बीच येथे अर्लचा मृत्यू झाला. वय ७५. वाय-जॉब आणि ल साबर या त्याच्या दोन्ही गाड्या जनरल मोटर्सने जपून ठेवल्या आहेत.

चार वर्षांनी, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेल रोखले आणि तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि अर्लच्या वळणाच्या थोराड गाड्या तेथे नकोशा झाल्या. जनरल मोटर्सने १९७७ पासून आपल्या मोठ्या गाड्याच लहान केल्या. इकडे त्याच भाववाढीने आखातात पैसा आला, इमारती उठल्या, माणसे हवी झाली, आणि तुम्ही-आम्ही येथे आलो. त्या जुन्या लांबलचक गाड्याही येथे रस्त्यांवर होत्याच. माझी १९७६ ची कॅप्रिस त्या शेवटच्या मोठ्या पिढीतली होती, हे मला ती घेताना ठाऊक नव्हते.

१९८७ साली मी ती विकली. घेणाऱ्याने चारी बाजूंनी फिरून पाहिली, इंजिन ऐकले, सारे पसंत केले आणि मग म्हणाला की पाचशे दिरहम कमी करा, हिला ठेवायला दोन गाड्यांची जागा लागते. ते खरेच होते. मी कमी केले.